बसवंतरावांचं वजन

नागनाथ सरांच्या वृद्धसेवेचा पहिला लाभ शेजारच्या आश्रुबांना मिळाला, आणि पहिला मार लागला तोही त्यांनाच.

घाईत सांगितलं की माणूस उगीच बदनाम होतो, म्हणून जरा दमानं सांगू. सरांनी वीस वर्षं परभणीत टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या जिल्ह्याचे कारकून त्यांच्या बाकावरून उठून गेले. मग परीक्षा संगणकावर गेली, क्लासला कुलूप लागलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी सर घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे उंबऱ्यात ठेवलेलं जातं. येता-जाता सगळ्यांच्या पायाला लागतं, आणि बाजूला करायचं म्हटलं तर एकट्यानं हलत नाही.

हलवलं त्यांच्या बायकोनं, रेणुकानं. ती अंगणवाडी सेविका. लहान लेकरांच्या नाकाडोळ्यांत तिचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे माणसाच्या दुसऱ्या टोकाला काय लागतं हेही तिला ठाऊक होतं. तिनं वृद्धसेवेच्या कोर्सची जाहिरात सरांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. तीन महिने वर्ग, पुढं कुणाच्या तरी घरी साठ दिवस प्रत्यक्ष काम, मग प्रमाणपत्र. सरांनी ती दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाले की लोक आपल्याला सर म्हणतात.

"म्हनू द्या की," रेणुका म्हणाली. "मामंजींचं दोन वर्षं समदं तुमीच केलं. तवा कुनी शिकवलं होतं का? आता शिकून करा."

पेचात सापडले की सर चष्मा पुसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा इतका पुसला की काच गरम झाली.

कोर्सला चारित्र्याचा दाखला लागायचा. सरांना वाटलं, हे तर सोपं. चारित्र्य सोडून आपल्याकडं दुसरं आहेच काय. पण चारित्र्य असणं वेगळं आणि ते पोर्टलवर चढणं वेगळं. फोटो चार वेळा परत आला. एकदा कान दिसत नव्हते, एकदा कानच दिसत होते. पाचव्यांदा फोटो गेला तेव्हा सर्व्हर गेला. शेवटी सर स्वतःच ठाण्यात गेले. हवालदारानं अर्ज वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. गुन्हा दाखल? नाही. भांडण, मारामारी? नाही. कुठं जामीन राहिलात? नाही. हवालदाराच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ उमटली. एवढी स्वच्छ पाटी असलेला माणूस म्हातारे धुवायला का चाललाय, असं त्यानं आडून विचारलं. सर म्हणाले, स्वच्छ आहे म्हणूनच. हे उत्तर त्यांना स्वतःला इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते तीनदा सांगितलं.

वर्गात एक रबरी पुतळा होता. त्याच्यावर सगळे शिकायचे. कूस कशी बदलावी, अंग कसं पुसावं, माणूस पलंगावर असतानाच खालची चादर कशी बदलावी. पण पुतळ्याला गुदगुल्या होत नाहीत, तो "हळू" म्हणत नाही आणि आपल्या जावयाबद्दल तक्रार करत नाही. खरा म्हातारा पाहिजे, असं सरांना वाटू लागलं. तिथं आश्रुबा उभे राहिले, किंवा खरं म्हणजे आडवे झाले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, अंगानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. पहिल्या दिवशी त्यांनी शेजारधर्म म्हणून पाठ दिली. कोमट पाण्यात भिजवलेला पंचा मानेवरून फिरला आणि आश्रुबांचे डोळे मिटले. एकोणतीस वर्षं त्यांच्या अंगाला लागले होते ते फक्त प्रवाशांचे कोपर. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच उशी घेऊन यायला लागले. "आज पाय पुसायचा धडा हाय ना?" असं दारातूनच विचारायचे.

चादरीच्या धड्याला घात झाला. पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णाला हलकेच पलीकडे वळवावे. सरांनी वळवलं, हलकेच वळवलं, पण पलीकडे पलंग संपला होता हे पुस्तकात नव्हतं. आश्रुबा पलंग आणि कपाट यांच्यामध्ये असे बसले की त्यांना काढायला कपाट हलवावं लागलं. कपाट हलवल्याची बातमी कॉलनीभर झाली, आणि बातमी जशी पुढं गेली तसा आश्रुबांना लकवा मारत गेला. तिसऱ्या दिवशी देवगाव फाट्याहून त्यांची चुलत बहीण बिस्किटाचे पुडे घेऊन आली. दारातून तिनं पाहिलं तर आश्रुबा डोळे मिटून पडलेले आणि सर त्यांचे तळवे पुसताहेत. तिनं तिथंच गळा काढला. आश्रुबांनी खुलासा केला, पण बिस्किटं घरात गेल्यावर.

कामाच्या आदल्या संध्याकाळी सरांची आई, सगुणाबाई, ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. लेकाच्या नव्या नोकरीबद्दल तिनं बरं-वाईट काही म्हटलं नव्हतं. तिला सांगायचं असलं की ती गाते, ही तिची रीत. खड्यांवर नजर ठेवून तिनं सूर धरला:

न्हाऊ घालिते गं बाई, लेकराला, म्हाताऱ्याला
पाणी इचारीत न्हाई, जात-गोत अंगाला

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण बॅग भरताना दोन पंचे जास्तीचे ठेवले.

कोर्सवाल्या कंपनीकडून काम मिळालं झरीला. बसवंतराव, वय अठ्ठ्याहत्तर, बाजारात कापडाचं जुनं दुकान, डावी बाजू लकव्यानं गेलेली. मुलगा मल्लेश पुण्याला नोकरीला. दोन महिन्यांची रजा घेऊन तो वडिलांपाशी होता, ती संपली. तो ज्या सकाळी निघाला त्याच सकाळी सर जिंतूरकडं जाणाऱ्या पहिल्या एसटीनं झरीत उतरले. घरात बसवंतरावांची बायको शांतम्मा आणि सून महेश्वरी. कुटुंब शिवभक्तांचं, गळ्यात लिंग बांधणारं. त्यांच्याकडं आंघोळीनंतर भस्म, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, बेलपान वाहायचं. अन्न त्याच्या नंतर.

सरांना हे सगळं ठाऊक होतं. झरीत काय, परभणीत काय, कोण कुणाच्या घरी कसा वागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. वर त्यांना कामावर सोडायला आलेल्या सुपरवायझर बाईंनी बजावलं ते वेगळंच. या सुपरवायझर बाई म्हणजे सुकेशनी. सरांच्याच क्लासची विद्यार्थिनी. दोनदा नापास. एकदा तर सरांनी तिच्याकडून एकच ओळ चाळीस पानं टाइप करून घेतली होती. आता तिच्या हातात तपासणीची वही होती आणि सरांच्या गळ्यात ओळखपत्र.

"सर, डबीला हात लावायचा न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "अंग पुसताना भोवतीनं पुसा. लय कडक असतात ही मानसं. आपल्यामुळं कुनाचं मन दुखायला नको."

सरांनी मान हलवली. अटी तिनं पुन्हा वाचून दाखवल्या. पहिले पंधरा दिवस चाचणीचे. त्यात पेशंटची तब्येत खालावली तर माणूस बदलायचा, आणि बदललेल्या माणसाचे साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. तब्येत म्हणजे वजन. दिवसाआड तक्त्यात लिहायचं.

सरांनी काम धरलं ते एखाद्या परीक्षेसारखं. सकाळी अंग पुसायचं, गळ्यातल्या डबीभोवतीनं इतकं जपून की जणू तिथं पाखरू झोपलंय. कपडे, भस्माची वाटी हाताशी, पाण्याचा तांब्या. मग बसवंतराव म्हणायचे, "बाहेर बसा जरा." दार लोटलं जायचं. अर्ध्या तासानं उघडायचं. ताट यायचं. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे. बसवंतराव ताटाकडं बघायचे आणि हळूच बाजूला सारायचे. भूक न्हाई. गोळ्यांपुरतं दूध घ्यायचे, बाकी काही नाही.

आता न शिवलेलं ताट चुलीकडं परत नेणं शांतम्माच्या घराण्यात नव्हतं. अन्न वाया घालवणं त्याहून नव्हतं. राहिले सर. पहिल्या दिवशी त्यांनी आपला डबा दाखवला. दुसऱ्या दिवशी नको नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी शांतम्मा ताट घेऊन अशी उभी राहिली, हात कापताहेत, आमटी वाटीच्या काठाला येतेय, की नको म्हणणं हा आमटीवर अन्याय झाला असता. सर जेवले. चौथ्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, होती. हुग्गीबद्दल आम्ही काही लिहीत नाही. ज्यानं खाल्लीय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही त्याचं मन का मोडा.

वजनाची अडचण अशी की बसवंतराव एकटे काट्यावर उभे राहू शकत नसत. सरांनी तोडगा काढला. ते बसवंतरावांना दोन हातांवर उचलून घ्यायचे आणि दोघांचं मिळून वजन करायचे. आलेल्या आकड्यातून स्वतःचे एकसष्ट किलो वजा. पहिल्या दिवशी एकशे तेरा. म्हणजे बसवंतराव बावन्न. तिसऱ्या दिवशी एकशे तेरा. पाचव्या, सातव्या, नवव्या दिवशी एकशे तेरा. माणूस दुधावर आहे आणि वजन खडकासारखं! सरांना आपल्या सेवेचा थोडा अभिमानच वाटायला लागला. तक्त्यात ते बावन्न इतक्या वळणदार अक्षरात लिहीत की वाचणाऱ्याची भूक भागावी.

दहाव्या दिवशी सुकेशनी तपासणीला आली. तिनं बसवंतरावांच्या गालांकडं पाहिलं, मग तक्त्याकडं पाहिलं, मग सरांच्या शर्टाकडं. शर्टाचं चौथं बटण ताणलं होतं.

"सर, तुमी एकटे उभे ऱ्हावा काट्यावर."

सर उभे राहिले. चौसष्ट.

चुलीवरचं दूध वर यायला लागलं तरी कुणी हललं नाही. सुकेशनीनं वहीच्या कोपऱ्यात आकडेमोड केली, कारण सरांसमोर तोंडी हिशोब करायची तिला अजून भीती वाटत असावी.

"म्हंजी बाबा एकोनपन्नास," ती म्हणाली. "सर, पेशंटचं वजन तुमच्याकडं यायलाय."

सरांनी आयुष्यात हजारो पानांवर लाल रेघा ओढल्या होत्या. आपल्या पानावरची रेघ कशी दिसते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सुकेशनी मनानं वाईट नव्हती. तिनं आवाज खाली आणला, पण अट खाली आणता येत नव्हती. पंधराव्या दिवसापर्यंत घट थांबली पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस येईल. जाताना ती एवढंच म्हणाली की डॉक्टरांना काही सापडत नाही, ताप नाही, पोट साफ आहे. मग जेवण बंद झालं ते बरोबर तुम्ही आलात त्याच दिवशी, असं कसं?

हा प्रश्न सर एसटीतून परभणीपर्यंत मांडीवर घेऊन आले.

कॉलनीत प्रश्न पोचायचाच अवकाश. कुणी म्हणालं ओवा-आल्याचा काढा द्या. कुणी म्हणालं लिंबू उतरवा. समोरच्या घरातल्या एक बाई म्हणाल्या की तुमची मिशीच अशी आहे की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिच्यापुढं घास कसा उतरणार. सरांनी त्या रात्रीच मिशी बारीक केली, आणि सकाळी आरशात एक अनोळखी, नुकताच नापास झालेला माणूस बघितला. आश्रुबांचा सल्ला अनुभवातून आलेला होता. एसटी थांब्यावर थांबली की एकानं भजी घेतली तर अर्धी गाडी उतरते. तुम्ही त्यांच्या समोर बसून, हळूहळू, चव घेऊन जेवा.

सरांनी काढा केला. नियमाप्रमाणं आधी स्वतः चाखला. काढा फार गुणाचा निघाला; सरांना अशी भूक लागली की डबा दहा वाजताच संपला. बसवंतरावांनी वाटी बाजूला सारली. मग आश्रुबांचा उपाय. सर बसवंतरावांच्या पुढ्यात पाट घेऊन बसले आणि धपाटं चटणीला लावून असं चवीचवीनं खाऊ लागले की नाटकातल्या नटानं शिकावं. बसवंतराव मन लावून बघत होते. सरांच्या मनात आशा पालवली. दुसरं धपाटं संपताना म्हातारा पुढं झुकला, आणि मायेनं म्हणाला, "आनखी एक घ्या, नागनाथराव. लाजू नका."

ज्याच्या पोटात अकरा दिवस दुधाशिवाय काही नाही त्यानं आपल्याला आणखी घ्यायला सांगावं, याचं सरांना रडू आलं आणि ते चटणी तिखट असल्याच्या नावाखाली त्यांनी पुसलं.

बाराव्या दिवशी दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. सर ओट्यावर बसून मनातल्या मनात आपले बारा दिवस पुन्हा शून्य होताना बघत होते. आत तांब्या पडल्याचा आवाज झाला. पडल्याचा आवाज आला की विचारत बसू नये, धावावे, असं पुस्तकात ठळक अक्षरात आहे. सर धावले.

बसवंतराव पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर पाणी सांडलेलं. डावा हात उशीवर ठेवायचा प्रयत्न केलेला, पण तो हात उशीवरून घसरून ओल्या पंच्यासारखा लोंबत होता. पडता पडता वाचलेल्या लेकराला धरावं तसं उजव्या मुठीत त्यांनी लिंग छातीशी गच्च धरलं होतं.

सरांनी आधी पाणी पुसलं. मग पलंगाच्या कडेला बसले. म्हाताऱ्यानं तुटक तुटक सांगितलं, आणि बारा दिवसांचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं एका ओळीत लागलं. दोन महिने हा तळवा मल्लेश धरत होता. मल्लेश गेला. शांतम्माचे हात कापतात. तिनं एकदा धरला तेव्हा लिंग घसरलं आणि पदरात झेललं म्हणून निभावलं, त्यानंतर तिची छाती होईना. सून सासऱ्याच्या हाताला हात लावत नाही, त्या घराची ती रीत. तळव्यावर लिंग नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर अन्न नाही. रोज अर्धा तास बंद दाराआड म्हातारा आपल्याच हाताशी झगडत होता, आणि दाराबाहेर सर त्याचं जेवण जेवत होते.

"मल्लेशला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं तर नोकरी सोडून यील ते. येडं हाय. म्हनून त्याच्या आईलाबी शपथ घातली."

"मग मला सांगायचं."

बसवंतरावांनी लोंबता हात उजव्या कोपरानं मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "दरसाली तुमच्या वस्तीला पांढरं कापड माझ्याच दुकानातून जातंय. दीक्षेच्या दिसाला मी येऊन मागं उभा ऱ्हातो. बावीस प्रतिज्ञा ऐकून ऐकून पाठ हायत मला. मल्लेशबी जाताना बोलला, बाबा, त्यांना पूजेचं काम सांगू नका, त्यांचा अपमान व्हईल. कुनाला त्याचं वचन मोडायला लावून मी माझा देव कसा पुजू?"

आता काय म्हणावं. इकडं सुकेशनीनं सांगितलेलं, त्यांचं मन दुखवू नका. तिकडं मल्लेशनं सांगितलेलं, यांचं मन दुखवू नका. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांची मनं अशी जपली की मधल्यामध्ये एक म्हातारा उपाशी राहिला. वैरानं माणूस मेल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. अदबीनं मरायला टेकलेला सरांनी हा पहिलाच पाहिला.

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. प्रतिज्ञा आजोबांनी घेतली होती, वडिलांनी पाळली होती, आणि सरांनी कधी मोडली नव्हती. ती मोडायचीही नव्हती. पण हात? त्यांनी पाठ्यपुस्तक आठवलं, प्रकरण सहावं.

"बाबा, मी पूजा करनार न्हाई," ते म्हणाले. "हात जोडनार न्हाई. पन आमच्या पुस्तकात हाय, दुर्बल अवयवास खालून आधार द्यावा. त्याच्या वर काय ठेवलंय ह्याचं पुस्तकात काहीच न्हाई."

बसवंतरावांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली. डावीला हसता येत नव्हतं, पण तिनंही अडवलं नाही.

"जोडलेले हात मला काय कामाचे, नागनाथराव? मला धरलेला पायजे."

सरांनी हात धुतले. तांब्या भरून आणला, बेलपान उजव्या हाताशी ठेवलं. मग आपला डावा तळवा म्हाताऱ्याच्या तळव्याखाली सरकवला, उजव्यानं मनगट सावरलं. तो हात थंड होता, नदीतल्या दगडासारखा. बसवंतरावांनी मूठ उघडून लिंग वर ठेवलं. बोरापेक्षा फार मोठं नव्हतं. पण सरांनी नंतर रेणुकाला सांगितलं की दोन तळव्यांतून त्याचं जे वजन लागलं, ते कुठल्याच काट्यावर आलं नसतं. पाणी वरच्या तळव्यावरून खालच्यावर आलं, खालच्यावरून पातेल्यात गेलं. बसवंतराव लिंगाकडं बघत होते आणि सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, कारण ज्याचं बघणं त्याचं त्यालाच असू द्यावं. वीस मिनिटांनी सरांच्या खांद्याला कळ लागली. ते हलले नाहीत.

ताट आलं. बसवंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. आमटीत बुडवला. शांतम्मा दारात पदर तोंडावर घेऊन उभी होती. दीड भाकरी होईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि सरांना त्या दिवशी कुणी जेवायचा आग्रह केला नाही, ही त्यांना लाभलेली मोठी पावती.

तक्त्यात त्यांनी लिहिलं: डाव्या हातास आधार, वीस मिनिटे. कॉलनीत मात्र तक्ता चालत नाही. आश्रुबांनी विचारलंच, म्हणजे सर, तुम्ही पूजेला बसला? सरांनी प्रकरण सहावं समजावून सांगितलं. आश्रुबा म्हणाले, पटत नाही, पण आधार देताना जरा माझा खांदाही बघा, दुखायलाय. सगुणाबाईनं एवढंच विचारलं की म्हातारं जेवलं का. जेवलं. मग झालं, म्हणाली, आणि झोपायला गेली.

पंधरावा दिवस शनिवार होता. सुकेशनी पहिल्या एसटीनंच आली, सरांच्याच गाडीत, पण दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. या वेळी तिनं बसवंतरावांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट वजन केलं आणि मग नुसत्या खुर्चीचं. खुर्ची कुणाचं जेवण जेवत नाही, असं ती म्हणाली नाही. पण सरांना ऐकू आलं. साडेएकोणपन्नास. अर्धा किलो वर. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आकडा चढला होता.

तिनं तक्ता वाचला. हाताच्या आधाराच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं सरांकडं पाहिलं, पलंगाशेजारच्या बेलपानाकडं पाहिलं, आणि काही न विचारता खाली सही केली. सर, तुम्ही कायम, म्हणाली. तिचा आवाज थोडा फाटला होता. आपल्याच शिक्षकाला पास करणं सोपं नसतं.

पण सरकारी असो की खाजगी, कागद आनंद एकटा पाठवत नाही. कायम झालेल्या माणसाला रविवारी सुट्टी. ती घ्यावीच लागते, नियमच आहे. सर म्हणाले मी येईन. सुकेशनी म्हणाली येता येणार नाही, कंपनीच्या कागदावर तुम्ही घरी असाल, इथं काही झालं तर जबाबदारी कुणाची? बदली माणूस पुढच्या महिन्याशिवाय नाही. तिनं नियमांची वही मागून पुढं आणि पुढून मागं चाळली. वहीत म्हाताऱ्याच्या डाव्या हाताचं कुठंच नाव नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," बसवंतराव म्हणाले. "आयतवारी दूध घीन मी. सातातला एक दिवस."

ते सहज म्हणाले, पण खोलीतलं सगळं वर चढलेलं पुन्हा खाली बसलं.

स्वयंपाकघराच्या दारात महेश्वरी उभी होती. या पंधरा दिवसांत सरांनी तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला होता. सासऱ्यांना काही सांगायचं तर ती सासूला सांगे, सासू सासऱ्यांना. तिनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग उंबरा ओलांडून आत आली आणि सरांकडं बघून म्हणाली, पण बोलणं सरांशी नव्हतं.

"आयतवारी मी धरीन. मामांना चालत असंल तर. मला दाखवा कसं धरायचं."

सुकेशनीनं वही मिटली. बसवंतराव खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काहीही नव्हतं, समोरच्यांची म्हैस सोडून. म्हशीकडं त्यांनी इतका वेळ बघितलं की तिनं मान फिरवली. मग त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि पलंगाच्या कडेला, उताणा, रिकामा, ठेवून दिला.

सर पुढं झाले. बोटं अशी खाली, म्हणाले, पंख्यासारखी. अंगठा मोकळा ठेवा, नाहीतर मनगटाला रग लागते. जोर बोटांत नाही, कोपरात धरा. महेश्वरीनं हात पुढं केला, थांबली, पुन्हा केला. तिची बोटं म्हाताऱ्याच्या तळव्याखाली गेली तेव्हा दोघांनीही दुसरीकडं पाहिलं. सरांनी तिचं कोपर एक बोटभर वर उचललं. पुन्हा, म्हणाले. पुन्हा तिनं धरला. पुन्हा.

चौथ्या खेपेला बसवंतरावांना राहवेना. ते म्हशीकडं बघतच म्हणाले,

"नागनाथराव, तिला म्हनावं लवकर शिक. भूक लागलीय मला."